नव्या गाडीचा ब्रेक पायात बसेपर्यंत

मैत्रिणींनो, २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली आणि क्लच नसलेली गाडी मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आली. अशी गाडी दारात आली, की पहिली पंचाईत होते ती ब्रेकची!

आपला डावा पाय क्लच दाबायला सरावलेला. इथे क्लच नाही, शिवाय ब्रेकचं पेडल बरेचदा रुंद. सवयीनं डावा पाय त्यावर पडला, की गाडी गचकन थांबते आणि मागचा ट्रक अंगावर! म्हणून डावा पाय बाजूला टेकवून ठेवावा. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही उजव्याच पायानं, टाच जमिनीला टेकवून दाबावेत.

गिअर ‘डी’वर असताना ब्रेक सोडला, की बहुतेक गाड्या आपोआप पुढे सरकतात. धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या गर्दीत पाय ब्रेकवरच हवा, बरं का!

इंजिन बंद असलं, की दोनतीनदा दाबल्यावर पेडल दगडासारखं लागतं. पायाच्या जोराला मिळणारी इंजिनाची मदत तेव्हा थांबते. म्हणून पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करू नये. मात्र दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जात राहिलं, तर गाडी गॅरेजमध्येच दाखवावी.

आधी रिकाम्या मैदानावर चारआठ दिवस सराव करावा. जळगावहून एरंडोल-पारोळ्याचा हमरस्ता त्यानंतर!