बोक्याला शुगर

"डॉक्टरसाहेब, आमच्या बोक्याला शुगर निघाली."

जुन्या जालन्यातील एक निवृत्त गुरुजी मागच्या हिवाळ्यात असे म्हणत दवाखान्यात शिरले, तेव्हा बाकावर बसलेले दोघे-तिघे पेशंट तोंडावर हात ठेवून हसले. गुरुजी मात्र हसले नाहीत. त्यांना स्वतःला अठरा वर्षांपासून मधुमेह आहे आणि सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घ्यावे लागते. त्यांनी माझ्यापुढे कागद ठेवला. बोक्याच्या रक्तातील साखर ४१२!

मी माणसांचा डॉक्टर. निदान आणि डोस ठरविणे हे पशुवैद्यकाचे काम, असे मी त्यांना सांगितले आणि पुढेही तेच झाले. परंतु त्या बोक्याच्या निमित्ताने मला बरेच वाचावे, विचारावे लागले. हल्ली घरोघरी मांजरे आहेत आणि इन्सुलिनची बाटलीही बऱ्याच घरांत आहे. म्हणून या आठवड्यात हाच विषय घेतो.

मोंढ्यातल्या आडतीवर पोत्यांमागे उंदरांवर टपून बसणारी मांजरे वाचकांनी पाहिलीच असतील. सडपातळ, चपळ. त्यांना हा आजार सहसा होत नाही. होतो तो घरात लाडावलेल्या, नसबंदी केलेल्या, सात-आठ वर्षांपुढच्या जाड बोक्याला. मांजराचा मधुमेह हा आपल्याकडे चाळिशीनंतर होणाऱ्या मधुमेहासारखाच असतो. चरबी वाढली की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, स्वादुपिंडावर ताण येतो आणि हळूहळू ते थकते. कुत्र्याचे तसे नाही. त्याचे स्वादुपिंड बहुधा इन्सुलिन तयार करणेच थांबविते, त्यामुळे त्याला जन्मभर इंजेक्शन लागते. मांजराला मात्र वेळेवर उपचार मिळाले तर पुढे इन्सुलिन बंद करता येण्याचीही शक्यता असते. म्हणून लवकर ओळखण्याला महत्त्व.

ओळखायचे कसे? मांजर मुळात पाणी कमी पिणारे जनावर. तेच मोरीतल्या बादलीला तोंड लावून बसू लागले, लघवी वाढली, भरपूर खाऊनही वाळू लागले, तर शंका घ्यावी. गुरुजींच्या घरी काकूंना वाळूच्या पाटीला मुंग्या लागलेल्या दिसल्या. मधुमेही माणसाच्या घरात मुंग्यांचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. काही मांजरे मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालू लागतात. साखरेमुळे नसा दुबळ्या झाल्याचे ते चिन्ह होय. लोक त्याला म्हातारपण समजतात.

दूध-पोळीचे लाड

गुरुजींचे घर शाकाहारी. बोका दूध-पोळीवर वाढलेला, वर चहाच्या वेळी बिस्किट ठरलेले. आपल्याकडे हे पुण्याचे काम समजले जाते. पण मांजर हे पूर्णपणे मांसाहारी जनावर आहे. पोळी, भात, बिस्किट यांची त्याच्या शरीराला गरज नाही, आणि मधुमेहात तर त्यांचा उपद्रवच होतो. उकडलेले अंडे, बिनमिठाचे शिजवलेले चिकन, मासळी किंवा पशुवैद्यकाने सांगितलेले कमी पिष्टाचे तयार खाद्य, असा आहार ठेवावा. नुसत्या चिकन-अंड्यावरही कायम ठेवू नये, त्यात कशाची भर घालायची ते विचारून घ्यावे. कांदा-लसूण अजिबात नको, ते मांजराला विषारी आहेत. काकूंनी आयुष्यात प्रथमच गॅलरीत वेगळी शेगडी मांडली. मला ही गोष्ट इंजेक्शनपेक्षा अवघड वाटते.

एक सावधगिरी. जाड आहे म्हणून मांजराला उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस पोटात अन्न गेले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. आणि इन्सुलिन सुरू असताना एखादे दिवशी त्याने अन्नाला तोंडच लावले नाही, तर नेहमीचा डोस टोचून मोकळे होऊ नये. आधी पशुवैद्यकाला फोन करावा.

साखर घरीच का तपासावी?

पिशवीत कोंबून, एस.टी.त बसवून दवाखान्यात नेलेले मांजर घाबरलेले असते. नुसत्या भीतीने निरोगी मांजराची साखरही तीनशेच्या आसपास जाऊ शकते. त्यामुळे तिथल्या एका आकड्यावर विश्वासून डोस वाढविला आणि घरी येऊन जनावर शांत झाले, तर साखर धोक्याइतकी खाली जाते. निदानसुद्धा एका आकड्यावर करीत नाहीत. लघवीतील साखर पाहतात, गेल्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामाइनची तपासणी करतात.

घरी रक्त घ्यायचे ते कानाच्या कडेवरून. कोमट फडक्याने कान शेकावा, मागे कापसाचा बोळा धरावा, कडेच्या बारीक शिरेजवळ सुईने टोचावे. व्हॅसलिनचा पुसट हात फिरवला तर थेंब केसांत पसरत नाही. लगेच चिकनचा तुकडा द्यावा. गुरुजींचा बोका महिनाभरात यंत्राची पिशवी उघडल्याचा आवाज आला की स्वतःच पाटावर येऊन बसू लागला!

मात्र माणसांचे यंत्र मांजराची साखर खरीपेक्षा काहीशी कमी दाखविते. रक्तपेशी आणि पाणीदार भाग यांतील साखरेची वाटणी दोघांत वेगळी असते. प्राण्यांसाठीची यंत्रे निघाली आहेत, ती महाग पडतात. माणसांचे वापरायचे तर नेहमी तेच वापरावे आणि कोणते आहे ते पशुवैद्यकाला सांगावे. अधूनमधून दर दोन तासांनी, बारा तासपर्यंत आकडे लिहून ठेवावे लागतात. डोस त्या वहीवरून ठरतो, एका सकाळच्या आकड्यावरून नाही.

लाल टोपी, केशरी टोपी

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आपल्या देशात इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. चाळीसची सिरिंज लाल टोपीची, शंभरची केशरी टोपीची. बाटली ज्या ताकदीची, सिरिंज त्याच ताकदीची हवी.

गुरुजींचे स्वतःचे इन्सुलिन चाळीसचे. बोक्याला दिलेले शंभरचे, डोस बारा-बारा तासांनी २ युनिट. एके रात्री केशरी सिरिंजा संपल्या. "एक दिवस माझी वापरली तर काय होते?" म्हणून गुरुजींनी लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २ च्या रेघेपर्यंत औषध ओढले. रेघ २ ची असली तरी शंभरच्या बाटलीतून त्यात ५ युनिट आले. अडीचपट!

रात्री अकराला काकूंचा फोन. "डॉक्टर, बोका चालेना हो, पडतोय. डोळे कसेतरी करतोय." कानाचे रक्त तपासायला सांगितले. आकडा ३८. मध किंवा साखरेचे घट्ट पाणी बोटाने हिरड्यांना चोळा, घशात ओतू नका, असे सांगून मी पशुवैद्यकांना फोन लावून दिला. बेशुद्ध जनावराच्या घशात पाणी ओतले तर ते फुफ्फुसात जाते. वीस-पंचवीस मिनिटांनी बोक्याने मान उचलली, मग थोडे खाल्ले. पण सावध झाला म्हणजे संपले, असे नसते. इन्सुलिनचा अंमल पुढे कित्येक तास राहतो. दोघे रात्रभर जागे राहून तासातासाने साखर पाहत होते. उजाडताच गाडी करून छत्रपती संभाजीनगर गाठले.

हीच चूक माणसाच्या बाबतीतही होते. उलट प्रकारही घडतो. चाळीसचे औषध केशरी सिरिंजमध्ये घेतले की डोस निम्म्याहूनही कमी पडतो आणि साखर का उतरत नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. घरातल्या बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा आजच ताडून पाहावा.

डोस दिला की नाही अशी शंका आली, किंवा औषध केसांतच सांडल्यासारखे वाटले, तरी पुन्हा टोचू नये. एक वेळ साखर वाढलेली परवडते, उतरलेली नाही. आपल्या मधुमेहाच्या गोळ्या अंदाजाने मांजराला देऊ नयेत. जाता जाता सांगतो, तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर मांजराचा जीव घेते.

राहिला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. बाटली फ्रिजच्या दारात ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे. वीज फार वेळ जात असेल तर माठाचा उपाय चांगला. बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घट्ट बंद करून लहान मडक्यात ठेवावी, ते मडके ओल्या वाळूच्या मोठ्या मडक्यात बसवून सावलीत ठेवावे.

आपल्याकडच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या येतात. तरी पहिली विचारपूस तिथेच करावी. पुढच्या तपासण्यांसाठी परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते.

गुरुजींच्या घरी आता दोन डबे आहेत. स्टीलचा गुरुजींचा, त्यात लाल टोप्या. श्रीखंडाचा रिकामा डबा बोक्याचा, त्यात केशरी. बोका दीड किलोने उतरला आहे, डोस १ युनिटवर आला आहे. गुरुजींचे वजन मात्र तेवढेच आहे.