मोअरबाथची चोपडी

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, एक्समूरच्या डोंगराळ माळाच्या कडेला मोअरबाथ आहे. सोळाव्या शतकात इथं जेमतेम 33 घरं होती, तीही बहुतेक मेंढपाळ शेतकऱ्यांची. राजेरजवाड्यांच्या बखरींत या गावाला जागा मिळाली नसती. पण इथं 1520 साली ख्रिस्तोफर ट्रिकी नावाचा पाद्री आला, 1574 साली मरेपर्यंत इथंच राहिला, आणि चर्चचा जमाखर्च स्वतःच्या हातानं लिहीत गेला. हा हिशोब गावापुढे मोठ्यानं वाचला जाई. म्हणूनच त्यात आकड्यांच्या जोडीला माणसांचं बोलणं, रुसवेफुगवे आणि कौतुकही उतरलं आहे.

चर्चमधल्या संतांच्या मूर्तींपुढे दिवे तेवत. त्या दिव्यांचा खर्च भागायचा मेंढ्यांवर. संतांच्या नावाच्या मेंढ्या गावकऱ्यांच्या कळपांत वाटून दिलेल्या असत. लोकर विकून आलेला पैसा त्या त्या निधीत जमा होई. तरुणांचा निधी वेगळा, मुलींचा वेगळा, आणि दोन्हींचे कारभारी त्यांच्यातलेच. गावजत्रेसारखा बिअरपानाचा उत्सव व्हायचा, त्याचं उत्पन्नही चर्चला. ट्रिकीनं सेंट सिडवेल या संत स्त्रीची मूर्ती आणली आणि तिची भक्ती गावात अशी रुजली की मुलींची नावं सिडवेल ठेवली जाऊ लागली.

1534 साली चोरानं शिडी लावून मनोऱ्याच्या खिडकीतून आत शिरून चर्चचा चांदीचा प्याला पळवला. तेव्हा गावातल्या तरुण मुलामुलींनी आपसात वर्गणी काढून नवा प्याला घेतला. ही नोंद मला साऱ्या चोपडीत सर्वांत मोलाची वाटते. गाव म्हणजे काय, ते तीत दिसतं.

मग धर्मसुधारणेचे हुकूम लंडनहून येऊ लागले. 1538 साली मूर्तींपुढचे दिवे बंद झाले. सहावा एडवर्ड गादीवर आल्यावर मूर्तीही गेल्या, मेंढ्यांचे निधी संपले, उत्सव थांबला. मृतांच्या प्रार्थनेसाठी ट्रिकीनं सुमारे वीस वर्षं पै पै साठवून काळी वस्त्रं घेतली होती. ती 1547 साली हाती आली आणि थोड्याच काळात त्या प्रार्थनांवरच बंदी आली. गावाची तिजोरी रिकामी झाली.

1549 साली नव्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाविरुद्ध डेव्हन आणि कॉर्नवॉल पेटलं. बंडखोरांनी एक्सेटर शहराला वेढा घातला. त्या वेढ्याच्या छावणीत मोअरबाथनं आपले पाच तरुण पाठवले, तेही गावाच्या पैशातून, आणि ट्रिकीनं तो खर्च चोपडीत मांडला. राजद्रोहाचा एवढा उघड हिशोब ठेवणारं गाव विरळाच. ती नोंद पुढे दीर्घकाळ नीट वाचलीच गेली नव्हती. इतिहासकार एमन डफी यांनी मूळ हस्तलिखित बारकाईनं वाचून तिचा अर्थ लावला; त्यांचं पुस्तक 2001 साली आलं. बंड ऑगस्टमध्ये चिरडलं गेलं, हजारो माणसं मारली गेली.

1553 साली मेरी राणी आली, जुना कॅथलिक धर्म परतला, आणि लोकांनी घरात जपून लपवलेल्या चर्चच्या वस्तू एकेक करून परत आणून दिल्या. 1558 नंतर एलिझाबेथच्या काळात पुन्हा उलटा फेरा आला. ट्रिकी जागचा हलला नाही. नव्या पद्धतीची प्रार्थना तो चालवत राहिला आणि त्याच त्या कुटुंबांची बाळं, लग्नं, मयतं सांभाळत चर्चचा जमाखर्च लिहीत राहिला.