जांभ्याच्या भिंतीआडचं नेट

जांभा दगड सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो. कोकणातली जुनी घरं भर मे महिन्यात गार राहतात ती या दगडाच्या जाड भिंतींमुळे, आणि ओटीवरचं वायफाय माजघरापर्यंत पोचत नाही तेही त्यांच्यामुळेच. दगडात रेडिओलहरी विरतात, ओलाव्याने आणखी विरतात. पाच गिगाहर्ट्झची लहर 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीपेक्षा जास्त डेटा नेते खरी, पण भिंतीपुढे आधी हार मानते तीच.

रत्नागिरी जिल्ह्यात माझ्या मामांचं असं घर आहे. फायबर ओटीवरून आत येतं, म्हणून राउटरही ओटीवरच. मामेवहिनी माळ्यावर बसून नोकरीचं काम करतात; मीटिंगमध्ये त्यांचा आवाज तुटायचा. प्लॅन 100 एमबीपीएसचा होता, तो वाढवून घ्यावा असं सगळ्यांचं मत. शेवटी नेटवर्कचं काम करणाऱ्या एका मुलाला बोलावलं. त्याने आल्याआल्या लॅपटॉप तारेने थेट राउटरला जोडला. पूर्ण वेग मिळाला. मग फोनवर सिग्नलचे आकडे बघत तो घरभर फिरला: राउटरजवळ उणे 40 डीबीएम, माळ्यावर उणे 80 च्याही खाली, म्हणजे अगदी क्षीण. “काकू, प्लॅन कशाला वाढवताय? वर तार न्यावी लागेल,” तो मामींना म्हणाला.

मला हे फार पटलं. घरात नेट वाटायचं म्हणजे वायफायचा डबा आणायचा, एवढंच आपण धरून चालतो. अँटेनांची संख्या मोजून राउटर विकत घेणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. पण चांगल्या वायफायच्या पाठीशी नीट टाकलेली तार लागते, आणि ती टाकणं हे हातानं करायचं, वेळखाऊ काम आहे.

कॅट सिक्सची केबल घराबाहेरून पन्हळीच्या कडेने नेणं सोपं होतं. त्याने ते टाळलं. कोकणात पावसाच्या आगेमागे विजा फार, आणि बाहेरून गेलेली तांब्याची तार तो झटका थेट उपकरणांत आणते. म्हणून आतून, वाशांच्या कडेने. भिंतीला नवं भोक पाडायच्या आधी त्याने जुन्या वायरिंगचं भोक शोधलं, पण विजेच्या तारांसोबत डेटाची तार घालायची नाही म्हणून हातभर अंतरावर वेगळं भोक पाडलं. ड्रिलमधून विटकरी भुकटीची धार लागली होती. वळणावर केबल काटकोनात मोडली नाही, सैल गोलाईने फिरवली.

नंतरचं काम बोटांचं. केबलचं वरचं आवरण सोलल्यावर आत एकमेकींना पीळ घातलेल्या चार जोड्या निघतात. शेजारच्या तारांचा आणि बाहेरचा गोंगाट हा पीळच आवरतो. म्हणून तो कनेक्टरच्या तोंडाशी अगदी अर्धा इंच उलगडायचा, जास्त नाही. मग क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. तारा सरळ करून एका रेषेत कापल्या, कनेक्टरमध्ये सरकवल्या, क्रिम्पिंगची पक्कड दाबली. टेस्टर लावला तर दिवे एकामागून एक लागत गेले, सातवा लागला नाही. ती एक तार नसती तरी नेट चाललं असतं: शंभर एमबीपीएसला चारच तारा पुरतात, गिगाबिटला मात्र आठही लागतात. आजच्या प्लॅनला काही फरक पडला नसता. तरी त्याने टोक कापलं आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. असा माणूस घरी यावा.

वर, तारेतून आलेलं नेट वायफायने पसरवणारा अ‍ॅक्सेस पॉइंट बसवला. मामांकडे जुना राउटर पडून होता, तोच का नको, असं त्यांनी विचारलं. चालतो, पण त्यातलं पत्ते वाटण्याचं काम बंद करावं लागतं. घरातल्या प्रत्येक फोनला, प्रिंटरला 192.168 ने सुरू होणारा पत्ता खालचा राउटर देतो, आणि बाहेरच्या एकाच पत्त्यावर आलेली माहिती कोणाची हे तोच लक्षात ठेवतो. वरच्यानेही स्वतंत्र पत्ते वाटले की घराचे दोन तुकडे होतात. माळ्यावरच्या लॅपटॉपला ओटीवरचा प्रिंटर सापडत नाही. शेवटी नवंच यंत्र घेतलं, आणि त्याचं कारण वीज.

गावात वीज जाते. इन्व्हर्टरचा प्लग फक्त ओटीवर आहे. नव्या अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज त्याच कॅट सिक्समधून मिळते, ओटीवर बसवलेल्या छोट्या इंजेक्टरकडून. तिथल्या एका सॉकेटवर फायबरचं यंत्र, राउटर आणि माळ्यावरचं वायफाय असं तिन्ही चालतं. वर विजेची सोय करायची तर मिस्त्री, पट्टी, बोर्ड असा वेगळाच खर्च निघाला असता. दोन्ही मजल्यांवर वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला, 2.4 च्या पट्ट्यात खाली चॅनल 1 आणि वर 6 दिला. माळ्यावर आकडा आता उणे 45 येतो. प्लॅन अजूनही 100 चाच आहे.