समुद्रकाठी दोन रात्री : गटाची सहल कशी आखायची



आमच्या एका गटाने सहल काढली होती. तीन दिवसांत नऊ देवस्थानं. गाडीत गॅसची शेगडी, कणकेचा डबा, तेलाची कॅन. गाडी थांबली की दोघी दर्शनाच्या रांगेत आणि चौघी पोळ्या लाटायला. घरी आल्यावर एक काकू म्हणाल्या, "फिराले गेलतो का रांधाले, तेच समजलं नाही." सगळ्या हसल्या. पुढच्या बैठकीत त्याच काकूंनी विचारलं, "मले समुद्र पाहाचा आहे. नेता का?"

तेव्हा कोणी हसलं नाही. एक जण हळूच म्हणाली, "घरी काय सांगू?" खरंच आहे. आपण घराबाहेर पडतो ते लग्नाला, बाळंतपणाला, मयतीला, नाहीतर देवाला. 'चार दिवस आराम करायला जाते' असं सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून आज आरामाचीच सहल कशी आखायची ते बोलू. तिचा नियम एकच : ठिकाण एक, आणि स्वयंपाक शून्य.

कुठे आणि कसं?
यवतमाळहून समुद्र लांब आहे. त्यामुळे गाडी बदलण्याची दगदग जितकी कमी, तितकं बरं. अलिबाग त्यासाठी सोयीचं. धामणगावहून संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस पकडली की सकाळी मुंबईला सीएसएमटी. तिथून जवळच गेटवे ऑफ इंडिया. गेटवेहून मांडव्याला लाँच जाते, सुमारे तासाभराचा प्रवास. मांडव्याहून अलिबागला बस मिळते. बऱ्याच लाँचच्या तिकिटातच या बसचे पैसे धरलेले असतात, तिकीट काढताना विचारून घ्या. लाँच नको असेल तर पनवेलमार्गे एसटी आहे, आणि मार्च 2023 पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे.

सोमवारी संध्याकाळी निघा. मंगळवार आणि बुधवारची रात्र समुद्राकाठी, गुरुवारी दुपारी परतीला लागा, शुक्रवारी सकाळी धामणगाव. शनिवार-रविवार आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. गर्दी असते आणि खोल्याही महागतात.

रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सुरू होतं. एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणून बारा जणींची दोन तिकिटं लागतील. गुडघेदुखी असलेल्यांसाठी खालच्या बर्थची मागणी करा.

कधी जायचं?
जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला असतो. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात आणि कोळीबांधवही त्या काळात मासेमारी थांबवतात. हवा छान असते ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पण तेव्हा आपल्या वावरात कापूस वेचायचा असतो. म्हणून वेचणी आटोपल्यावर आणि हरभरा काढायच्या आधी जे आठ-दहा दिवस सापडतात, ते गटाने बसून हेरावेत.

पैसे
सहलीसाठी गटाच्या बचतीला हात लावू नका, कर्ज तर मुळीच काढू नका. वेगळी वही करा. महिन्याला 200 रुपये टाकले तर वर्षाला एकीचे 2,400 आणि बारा जणींचे 28,800 होतात. नागाव, आक्षी, वरसोली या गावांत घरगुती राहण्याची सोय असते. फोनवर चार गोष्टी विचारा : भाडं खोलीमागे की माणशी? जेवण धरून की वेगळं? समुद्र चालत किती लांब? आगाऊ रक्कम किती? ठरलेलं मोबाईलवर लिहून मागवा. आणि शेगडी घरीच ठेवा. तांदळाची भाकरी, वालाची उसळ, सोलकढी, मासे खाणाऱ्यांना मासे. दोन दिवस दुसऱ्या बाईच्या हातचं खा आणि तिला तिच्या कष्टाचे पूर्ण पैसे द्या. तीही आपल्यासारखीच आहे.

भरती-ओहोटी
पंचांग आपल्याला येतं, ते इथे कामी येईल. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की त्या किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण किती वाजता ते कळतं. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप मागेही जातं. अशा ओहोटीत अलिबागचा कुलाबा किल्ला पायी जाऊन पाहता येतो. शिवाजी महाराजांनी बांधलेला आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला हा किल्ला भरतीत पाण्याने वेढला जातो, तरी आत गोड्या पाण्याची विहीर आहे. गणपतीचं मंदिरही आहे, त्यामुळे देवदर्शनही होतं. पण आमचं गणित अंदाजाचं. जायची-यायची वेळ तिथल्या माणसांना विचारूनच ठरवा आणि पाणी चढायच्या आत परत फिरा.

पाण्यात उतरताना
गुडघ्याच्या वर पाणी नको, पोहता येत असलं तरी. ओहोटी लागली की पायाखालची वाळू सरकते आणि पाणी आत ओढतं. ओली साडी जड होऊन पायात अडकते, म्हणून पंजाबी ड्रेस घाला. अंधार पडल्यावर पाण्यात जाऊ नका. दोघी-दोघींच्या जोड्या करा, एकमेकींवर नजर ठेवा. कोणी ओढली गेलीच तर मागे उडी मारू नका. साडी, ओढणी, दोरी फेका, आरडाओरडा करा, 112 ला फोन लावा.

बाकी वेळ काय करायचं? काही नाही. वाळूत बसायचं. सूर्य बुडताना पाहायचा. चहा हातात येऊ द्यायचा.

आणि घरी काय सांगायचं? बैल राबतो, त्यालाही पोळ्याचा दिवस मिळतो. आपण आपला मागायला लाजायचं कशाला? 'स्वतःच्या पैशाने, गटासोबत, चार दिवस आराम करायला जाते,' असंच सांगा. मागे भाकरी कोण टाकेल, दूध कोण काढेल, ते महिनाभर आधी घरात बसून ठरवा. पोरांना चार दिवस सांभाळता आलं, तर पुढेही येईल.

येत्या बैठकीत बचत मोजून झाली की हा विषय काढा. आमच्या काकूंनी पहिले 200 रुपये टाकलेत.