रात्री उठून बसणारी माणसे



तूर झोडून होते, मळणीयंत्राचा धुरळा खाली बसतो, तरी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा खोकला बसत नाही. रात्री दोन-तीनच्या सुमारास ते अंथरुणात उठून बसतात. आपण म्हणतो, म्हातारपणी झोप कमीच. पुष्कळदा झोप कमी नसते, दम पुरत नसतो.

मी शेतीखात्यातला माणूस, डॉक्टर नव्हे. पण अशी घरे गावोगाव पाहिली, म्हणून माहीतगारांना विचारून हे लिहितो आहे. विडीने फुप्फुसे खराब होतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. जन्मात विडीला हात न लावलेल्या आईलाही, तीस-चाळीस वर्षे चुलीत तुराट्या नि गोवऱ्या फुंकल्यावर, तोच जुनाट विकार जडतो. तिच्याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

झोपेत सर्वांचाच श्वास उथळ होतो. स्वप्ने पडतात त्या झोपेत बरगड्यांमधले स्नायू ढिले पडतात आणि सारा भार छातीखालच्या पडद्यावर येतो. या रोग्याची फुप्फुसे हवा कोंडून फुगलेली असल्याने तो पडदा आधीच चपटा झालेला असतो. दोन बैलांची मोट एकट्याने ओढायची, आणि तोही बैल थकलेला! रक्तातला प्राणवायू घटतो, दूषित वायू साठतो. सकाळी डोके ठणकते, दिवसा पेंग येते.

अशा वेळी कोणी झोपेची गोळी सुचवतो, कोणी घोटभर दारू. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी देऊ नका, आणि दारू तर मुळीच नको. दोन्हींनी श्वास आणखी मंदावतो. माणूस शांत झोपला असे आपल्याला वाटते, आणि आत प्राणवायू उतरत असतो.

त्यांना रुग्णालयात नेऊन नळीत फुंकून श्वास मोजण्याची तपासणी करून घ्या. सकाळची डोकेदुखी आवर्जून सांगा. रोगी आपण होऊन सांगत नाही. घोरता घोरता श्वास थांबत असेल तर तेही सांगा. औषध ओढायच्या पंपाची सवय लागते, ही समजूत खोटी आहे. उशी उंच ठेवा. निजायच्या खोलीत मच्छर अगरबत्ती नको, मच्छरदाणी लावा.

डॉक्टरांनी घरी प्राणवायू लावायला सांगितला, तर तो बहुधा दिवसरात्र मिळून किमान 15 तास असतो, झोपेतही. प्रमाण आपल्या मनाने वाढवू नका; काहींना जास्त प्राणवायूही बाधतो. जवळ चूल, दिवा, विडी नको. ओठ निळसर पडले, बोलणे असंबद्ध झाले किंवा हलवूनही नीट जाग येत नसेल, तर उजाडायची वाट न पाहता 108 ला फोन लावा.