बर्फातला निवडुंग

निवडुंग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शेताच्या बांधावरचे काटेरी कुंपण उभे राहते, नाही तर चित्रात पाहिलेले रखरखीत वाळवंट. जेथे ऊन फार आणि पाणी थोडे, तेथे निवडुंग, अशी आपली समजूत असते. परंतु हिवाळ्यात ज्याच्या माथ्यावर बर्फ साचतो आणि वसंतात ज्याच्या अंगावर तांबडी फुले दाटीने उमलतात, असाही एक निवडुंग आहे.

निवडुंगांचे कुळ मूळचे अमेरिकेतले. आपल्याकडचा फड्या निवडुंगही तिकडूनच आलेला आहे. आपण ज्याची माहिती घेणार आहोत तो निवडुंग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या नैर्ऋत्य भागात आणि मेक्सिकोच्या उत्तर भागात, डोंगरांच्या खडकाळ उतारांवर वाढतो. आपल्या कळसूबाईच्या शिखराची उंची १६४६ मीटर आहे. हा निवडुंग २००० मीटरांहूनही उंच जागी सुखाने नांदतो. फुलाचा आकार पेल्यासारखा आणि रंग तांबड्या द्राक्षमद्यासारखा, म्हणून इंग्रजीत त्याला 'क्लॅरेट कप' म्हणतात. जॉर्ज एंगेलमान या वैद्य-वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४८ साली त्याला 'एकायनोसेरियस ट्रायग्लोकिडिएटस' हे शास्त्रीय नाव दिले. त्यातील पहिल्या शब्दात जाहक हा काटेरी प्राणी आणि मेणबत्ती अशा दोन अर्थांचा संगम आहे. काट्यांनी वेढलेले त्याचे उभे खोड पाहिले म्हणजे हे नाव किती यथार्थ आहे, ते पटते.

त्याचे एक खोड फार तर वीत-दीड वीत उंच असते. पण तो एकटा राहत नाही. खोडाच्या बुडाशी नवे कोंब फुटतात, त्यांच्या बुडाशी आणखी कोंब फुटतात आणि वर्षानुवर्षे असे होत होत एका रोपाचा घुमटासारखा पुंजका बनतो. जुन्या पुंजक्यात कधी कधी शेकडो खोडे असतात. दाटीने उभी असलेली ही खोडे एकमेकांवर सावली धरतात.

येथे एक प्रश्न उद्भवतो. निवडुंगाच्या अंगात पाणी साठलेले असते. पाणी गोठले की फुगते. मग कडाक्याच्या थंडीत त्याच्या पेशी फाटत कशा नाहीत? याचे उत्तर मोठे मौजेचे आहे. हिवाळा जवळ आला की हा निवडुंग आपल्या अंगातील पाणी कमी करू लागतो. खोडे आक्रसतात, सुरकुततात. पाहणाऱ्याला वाटते, झाड मेले! पण आत उरलेला रस दाट होत असतो, आणि दाट रस साध्या पाण्याइतका लवकर गोठत नाही. साखरेचा पाक आणि पाणी शेजारी शेजारी शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून पाहा, म्हणजे हे तुमच्या ध्यानी येईल.

उन्हाळ्यातील टंचाईसाठीही त्याची तजवीज असते. त्याची पाने काट्यांच्या रूपात उरली आहेत. अन्न तयार करण्याचे काम हिरवे खोडच करते. खोडावरील सूक्ष्म छिद्रे तो दिवसा मिटून घेतो आणि रात्रीच्या गारव्यात उघडतो. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड वायू तो साठवून ठेवतो व दिवसा सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न बनवतो. त्यामुळे पाण्याची वाफ फारशी वाया जात नाही.

वसंत सरता सरता पुंजका फुलांनी भरून जातो. पाकळ्या जाड व मेणासारख्या चकचकीत असतात. मध्यभागी हिरवी कुक्षी शोभून दिसते. हे फूल एका दिवसात कोमेजत नाही, कित्येक दिवस टिकते. त्यातील मध पिण्यासाठी हमिंगबर्ड नावाचे चिमुकले पक्षी येतात. हवेतल्या हवेत तरंगत ते फुलात चोच घालतात. तेव्हा त्यांच्या डोक्याला परागकण लागतात आणि या फुलाचे त्या फुलाला पोचतात.

थंडी, ऊन आणि टंचाई यांना पुरून उरणारा हा निवडुंग माणसाच्या हव्यासापुढे मात्र दुबळा ठरतो. सुंदर दिसतो म्हणून काही लोक तो डोंगरावरून उपटून नेतात. जो पुंजका वाढायला अनेक दशके लागली, तो घटकाभरात नाहीसा होतो. वास्तविक बियांपासून वाढवलेली रोपे रोपवाटिकांत मिळतात.

कोलोरॅडो राज्यातील काही गर्ल स्काउट मुलींना या निवडुंगाचे फार कौतुक वाटे. तो आपल्या राज्याचा मानाचा निवडुंग व्हावा म्हणून त्यांनी खटपट केली आणि २०१४ साली तेथील विधिमंडळाने त्यांचे म्हणणे मान्य केले. त्या मुलींनी निवडुंग घरी नेला नाही. तो जेथे होता तेथेच राहू दिला, आणि त्याला साऱ्या राज्याचा केला. आवडत्या वस्तूवर प्रेम करण्याची ही रीत आपणही शिकण्याजोगी आहे.