डोळे उत्तम, तरी दिसेना

चष्म्याचा नंबर बदलून झाला. मोतीबिंदू नाही, काचबिंदू नाही, पडदाही ठणठणीत. तरी समोरचा पेला हाती लागत नाही, वाचताना ओळ निसटते, घड्याळात किती वाजले ते उमगत नाही. ‘पोस्टीरियर कॉर्टिकल अ‍ॅट्रोफी’ म्हणजे पीसीए या दुर्मीळ डिमेन्शियाचे कित्येक रुग्ण म्हणूनच आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे खेटे घालतात.

बिघाड असतो मेंदूच्या मागच्या भागात, जिथे डोळ्यांकडून आलेल्या संकेतांचा अर्थ लागतो. मूळ आजार बहुधा अल्झायमरच, पण सुरुवातीला स्मरणशक्ती बरीच शाबूत असते. साधारण पन्नाशी ते पासष्टीत तो सुरू होतो. अमेरिकी मेंदूतज्ज्ञ फ्रँक बेन्सन आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये त्याचं वर्णन केलं.

इंग्लंडचे विनोदी कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांना २००७मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी हे निदान झालं. त्याआधी सौम्य पक्षाघात समजला गेला होता. पुढे टंकलेखन जमेना, तेव्हा त्यांनी सहायकाला आणि संगणकाला तोंडी मजकूर सांगून लेखन चालू ठेवलं. २०१५मध्ये ते गेले. आजार जाहीर करून संशोधनाला दहा लाख डॉलर देणाऱ्या या माणसामुळे पीसीए हे नाव लोकांच्या कानांवर पडलं.

घरच्यांची माया इथे कधीकधी उलटी पडते. मोठ्या अक्षरांचं पुस्तक आणून द्यावं, तर काहींना तेच जास्त अवघड जातं. बारीक अक्षर एका नजरेत मावतं, मोठं मावत नाही. एका वेळी एकच शब्द दाखवला तर वाचन सुधारू शकतं. काळं पायपुसणं खड्ड्यासारखं भासतं, चकचकीत फरशी ओली वाटते. पायपुसणं उचलावं, पायऱ्यांच्या कडांना ठळक पट्टी लावावी. पांढऱ्या ताटलीत दहीभात वाढू नये, रंगीत ताटली घ्यावी. बोलणारं घड्याळही मिळतं.

आधारगटाचं मात्र त्रांगडं आहे. नेहमीच्या गटात विसराळू झालेल्या वृद्धांच्या गोष्टी चालतात. नोकरीत असलेल्या, आपलं काय होतंय ते पुरतं कळणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या बाईला तिथे परकं वाटणारच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधली ‘रेअर डिमेन्शिया सपोर्ट’ ही सेवा पीसीएसाठी वेगळा गट चालवते. आपल्याकडे १९९२पासून काम करणारी ‘एआरडीएसआय’ ही संस्था सर्वच डिमेन्शियांसाठी आहे, तर १४५६७ ही ‘एल्डरलाइन’ नावाची सरकारी हेल्पलाइन ज्येष्ठांसाठी. साठीच्या आतल्या रुग्णाला तिथे आधी आपलं वय समजावून सांगावं लागू शकतं.